दारापुढचा राडारोडा आणि वेगळी परवानगी

सुरतच्या बमरोलीत जुने घर पाडून नवे बांधणाऱ्याला, किंवा एखादा मजला चढवणाऱ्याला, मी सर्वांत आधी हेच सांगेन की मंजूर नकाशा हातात आला म्हणून दारापुढचा रस्ता आपल्याला मिळाला असे समजू नका. घराची परवानगी प्लॉटच्या हद्दीवर संपते. त्यापुढे विटांचा ढीग लावायचा असो की मलबा भरायला लोखंडी कंटेनर उभा करायचा असो, तो प्रश्न रस्त्याचा आहे आणि त्याचा अर्ज वेगळा आहे. सुरतला लागू असलेला महानगरपालिका कायदा १९४९ चा, म्हणजे गुजरात आणि महाराष्ट्राचे बरेच भाग एकाच मुंबई प्रांतात होते तेव्हाचा. धुळे-जळगावच्या महापालिकाही मुळात त्याच कायद्यावर चालतात. त्याचे कलम २३० सांगते की आयुक्तांची परवानगी घेतल्याशिवाय आणि शुल्क भरल्याशिवाय अडथळा होईल अशी कोणतीही वस्तू रस्त्यावर ठेवता येत नाही. कलम २३१ प्रमाणे अशी वस्तू नोटीस न देताही उचलता येते. ‘बघून घेतो’ म्हणणारा ठेकेदार त्या वेळी तुमच्या वतीने उत्तर द्यायला येईलच, या भरवशावर राहू नका.

यावर नेहमी ऐकू येते की हे नियम बिल्डरांसाठी आहेत, आमचे काम लहान. लहान म्हणजे किती, याचा हिशेब एकदा करून पाहावा. १० बाय १० फुटांच्या खोलीचा ४ इंची स्लॅब फोडला की सुमारे सव्वादोन टन काँक्रीट निघते. त्याच खोलीच्या १० फूट उंचीच्या, ९ इंची विटांच्या चार भिंती दारे-खिडक्या वजा करूनही बारा-तेरा टन भरतात. बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने केलेल्या २०१६ च्या नियमांनी दिवसाला २० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्यावर आधी आराखडा मंजूर करून घेण्याचे बंधन घातले होते. जेसीबीने एका दिवसात अशा दोन खोल्या पाडल्या की ती मर्यादा मागे पडते. २०२५ मध्ये नवे नियम जाहीर झाले, त्यांच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ ठरली आणि त्यांचा मोठा भार २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर आहे. पण कचऱ्याच्या नियमांतले आकडे कितीही बदलले तरी रस्त्याच्या कलमात वजनाची अट मुळातच नाही. लोक इथेच फसतात: एका नियमातली सूट दुसऱ्यालाही लागू आहे असे धरून चालतात.

‘सगळेच ठेवतात’ हा दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो खरा आहे. पण बमरोली-पांडेसऱ्याच्या गल्ल्यांतून लूमच्या कारखान्यांचे ताके आणि बीम वाहणारे टेम्पो दिवसभर ये-जा करतात. तिथे निम्मा रस्ता ढिगाने अडला की पायी चालणारी मुले आणि म्हातारी माणसे थेट त्या टेम्पोंच्या वाटेत येतात. अॅम्ब्युलन्स अडकते. पावसाळ्यात तीच माती गटारात उतरते आणि तुंबलेले पाणी शेजाऱ्यांच्या घरात शिरते. लिंबायत, पर्वत पाटिया या भागांत खाडीचे पाणी घरांत आलेले सुरतने पाहिले आहे. १९९४ च्या प्लेगनंतर हे शहर रस्ता आणि गटार साफ ठेवण्याचे मोल शिकले, आणि त्या सफाईत इथल्या मराठी कामगारवस्त्यांचाही वाटा आहे. तो आपल्याच दारापुढे वाया घालवू नये.

म्हणून काम काढण्याआधी झोनच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, शक्यतो गुजरातीत, आणि पोच घ्या. रस्त्याची एकूण रुंदी, त्यातली किती अडणार, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आणि माल कुठे जाणार, हे त्यात स्पष्ट लिहा. सोबत हाताने काढलेला नकाशा जोडा. मोठा रस्ता असेल तर वाहतूक पोलिसांनाही विचारा. गटाराचे चेंबर आणि विजेची डीपी मोकळी ठेवा, रात्री दिवा आणि रिफ्लेक्टर लावा, रस्त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो काढून ठेवा. त्याहून चांगले म्हणजे पाडकाम टप्प्याटप्प्याने करून निघालेला माल त्याच दिवशी ट्रॅक्टरने रवाना करणे. मग रस्ता लागतच नाही. मात्र तो ट्रॅक्टर खाडीकाठी रिकामा होणार नाही याची खात्री करा. कोसाडला मलब्यावर प्रक्रिया करून त्यातून पेव्हर ब्लॉकसारख्या वस्तू बनवल्या जातात. माल तिथे पोचल्याची पावती हाती आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका.

कोसाड तापीपलीकडे, शहराच्या उत्तर टोकाला आहे. दक्षिणेकडच्या बमरोलीहून तिथवरचे भाडे गरीब घरमालकाला जड जाते, हे कबूलच केले पाहिजे. पण २०१६ च्या नियमांनीच मलब्यासाठी कंटेनर ठेवून तो वेळोवेळी उचलण्याचे काम स्थानिक संस्थेवर टाकले होते. तेव्हा वॉर्डाच्या नगरसेवकाकडे मागायचे ते ढिगाकडे डोळेझाक करण्याचे आश्वासन नव्हे; बमरोलीत चालत जाण्याच्या अंतरावर मलब्याचा ठरलेला कंटेनर मागायचा, आणि तोही लेखी.