बांधकामाच्या जागेवरील झाडे : परवानगी आणि मुळांची काळजी

शहरांच्या हद्दी वाढत आहेत. पुणे महानगरपालिकेत ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. त्यात वाघोली, मांजरी बुद्रुक यांसारखी बागायती गावे होती. इतर शहरांच्या कडेलाही हेच चालू आहे. अशा गावांतील शेतकरी बंधू काही गुंठे स्वतःच्या घरासाठी ठेवतात व उरलेली जमीन विकसनासाठी देतात. बांधावरचा आंबा, विहिरीजवळची चिंच, गोठ्यावरचा कडूनिंब यांचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हा उभा राहतो. झाड ठेवायचे असा निर्णय होतो, नकाशावर हिरवे वर्तुळही काढले जाते, आणि इमारत पूर्ण झाल्यावर दोन-तीन वर्षांत झाड शेंड्याकडून वाळू लागते. तोपर्यंत कंत्राटदार निघून गेलेला असतो.

कायदा काय सांगतो

ग्रामीण भागात वृक्षतोडीला १९६४ चा महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम लागू असतो. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, फणस यांसारखी झाडे त्याच्या अनुसूचीत आहेत. गाव महानगरपालिका किंवा नगरपरिषदेच्या हद्दीत गेले की महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ पाहावा लागतो. झाड आपल्या मालकीचे आणि आपल्याच जमिनीत असले तरी ते तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करावा लागतो. अर्जासोबत झाडांचे वर्णन, जागेचा नकाशा व तोडण्याची कारणे द्यावयाची असतात.

या कायद्यातील एक बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. 'झाड तोडणे' या शब्दांत झाड जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हेही धरले आहे. म्हणजे जे.सी.बी.ने एका बाजूची मुळे उचकटून टाकली आणि खोड मात्र उभे ठेवले, तर 'आम्ही कुऱ्हाड लावलीच नाही' हे सांगणे पुरेसे होत नाही.

सन २०२१ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानण्यात आले. झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावावीत, ती लावताना सहा ते आठ फूट उंचीची असावीत आणि सात वर्षे सांभाळावीत, असे ठरले. आजोबांनी लावलेली साठ वर्षांची चिंच काढायची तर साठ झाडे लावून जगवायची आहेत, याचा हिशोब नकाशा काढण्यापूर्वीच करावा. साठ रोपे मिळून त्या चिंचेची सावली आपल्या हयातीत देतील, अशी अपेक्षा मात्र कोणी करू नये.

झाड मरते ते मुळाशी

बहुतेक झाडांची अन्न व पाणी घेणारी मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरलेली असतात. फळबागायतदारांना हे सांगण्याची गरज नाही. आपण खत व पाणी बुंध्याशी न देता घेराच्या कडेला देतो ते याचसाठी. संत्र्याचा बहार धरताना पाणी तोडून झाडाला ताण देतो, तोही मोजून, आणि पुढे पाणी-खत देऊन ताण सोडतो. बांधकामावर झाडाला बसणारा ताण मोजलेला नसतो आणि तो सोडवायलाही कोणी येत नाही.

सर्वात मोठे नुकसान माती दबल्याने होते. काळ्या जमिनीत वाफसा नसताना नांगर घातला तर काय होते ते आपण जाणतो. येथे तर भरलेले डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर पावसाळ्यातही त्याच मातीवरून फिरतात. मातीतील हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात.

दुसरे कारण भरावाचे. जोते उंच घ्यायचे म्हणून आवारात मुरूम किंवा पायाची माती पसरतात आणि बुंधा फूट-दीड फूट गाडला जातो. मुळांना हवा मिळत नाही, गाडलेली साल ओल धरून कुजते. तिसरे कारण चरांचे. पाण्याची व सांडपाण्याची नळी आणि विजेची तार यांसाठी तीन वेगवेगळे मिस्त्री तीन बाजूंनी चर खणतात आणि झाडाखाली चौथी बाजू तेवढी शिल्लक राहते. सिमेंट कालवलेले पाणी झाडाखाली ओतल्याने मातीचा सामू वाढतो. आपल्या जमिनी आधीच विम्ल, त्यामुळे पाने पिवळी पडतात.

किती जागा सोडावी

ब्रिटनमधील बांधकामासाठीच्या बी.एस. ५८३७ या मानकात खोडाच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ मुळांसाठी राखावे असे दिले आहे. आपल्याला व्यास मोजण्यापेक्षा दोरी सोपी. छातीच्या उंचीवर खोडाला दोरी गुंडाळून घेर मोजावा आणि त्याच्या चौपट अंतर खोडापासून चहूकडे धरावे. हिशोब जवळजवळ तोच येतो.

घेर २ मीटर असेल तर अंतर ८ मीटर येते. त्या वर्तुळाचे क्षेत्र सुमारे २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठे. शहराच्या कडेला दोन गुंठ्यांची किंमत काय आहे हे आपणास ठाऊक आहे. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, दहा झाडे अर्धवट ठेवण्यापेक्षा तीन निवडून त्यांना पुरी जागा द्यावी आणि उरलेल्यांसाठी रीतसर अर्ज करावा.

यावर एक चांगला मार्ग आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ४,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या जागेत १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती एखाद्या गैरसोयीच्या कोपऱ्यात न ढकलता जुन्या झाडांभोवती आखली, तर झाडांसाठी वेगळी जमीन घालवावी लागत नाही. वास्तुविशारदाला हे पहिल्या बैठकीतच सांगावे. नकाशा मंजूर झाल्यावर सांगून फारसा उपयोग होत नाही.

कुंपण आधी, यंत्र नंतर

राखलेल्या वर्तुळाभोवती पत्र्याचे किंवा बांबूचे पाच-सहा फूट उंच कुंपण पहिले जे.सी.बी. येण्यापूर्वी उभे करावे व काम संपेपर्यंत हलवू नये. आत वाळू, विटा किंवा सळई ठेवू नये, माल कालवू नये, चूल पेटवू नये. वाहने आतून नेणे अगदीच टळत नसेल तर लाकडाच्या ढलप्यांचा १५ ते २० सें.मी. थर देऊन त्यावर लोखंडी पत्रे टाकावेत. नळी झाडाखालूनच न्यायची असेल तर तेथे चर हाताने खणावा आणि मुळांच्या खालून नळी ओवून घ्यावी. अंगठ्याहून जाड मूळ शक्यतो तोडू नये. तोडावेच लागले तर धारदार करवतीने सरळ कापावे. यंत्राच्या दाताने फाटलेले मूळ आतपर्यंत कुजत जाते.

झाडाभोवती शेवटी पेव्हर ब्लॉक बसवताना बुंध्यापर्यंत जाऊ नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर ही किमान जागा समजावी. पालापाचोळा पडतो म्हणून बुंध्यापर्यंत फरशी मागणारे सभासद प्रत्येक सोसायटीत भेटतात, त्यांना हे दाखवावे.

वरची माती

पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या, म्हणजे २०,००० चौरस मीटर व त्यापुढील बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पांना वरची २० सें.मी. माती काढून वेगळी साठवण्याची व लागवडीसाठी परत वापरण्याची अट घातली जाते. बागायती जमिनीचा तोच खरा कस. एका एकरातून ही माती २८० ब्रासच्या वर निघते. प्रकल्प लहान असला तरी ही माती पायाच्या मुरुमात मिसळू देऊ नये.

करारात काय लिहावे

विकसन करारनाम्यात झाडे क्रमांक, जात, घेर व जागेसह नोंदवावीत आणि तशी खूण नकाशावर करून घ्यावी. कुंपण कोण घालणार, उन्हाळ्यात पाणी कोण देणार, हे लिहावे. काम संपल्यावर तीन वर्षांपर्यंत ठरावीक रक्कम अनामत ठेवण्याची अट घालावी, कारण झाडाचे दुखणे दिसायला तेवढा काळ लागतो.

झाडाला आधीच इजा झाली असेल तर

पाने लहान पडू लागली, शेंडे वाळू लागले की युरियाचा मारा करू नये, दुबळ्या मुळांना तो सोसत नाही. बुंध्यावरचा भराव हाताने काढून मूळची पातळी उघडी करावी. घेराखालील दबलेली माती जागोजागी पहारीने भोके पाडून मोकळी करावी आणि त्यात कुजलेले शेणखत व वाळू भरावी. पालापाचोळ्याचे ७ ते १० सें.मी. आच्छादन करावे, मात्र ते खोडाला टेकू देऊ नये. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी घेराच्या कडेला सावकाश, खोलवर मुरेल असे पाणी द्यावे. वाळलेल्या फांद्या काढण्यासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी, आणि हिरव्या फांद्यांना हात लावू नये, कारण नवी मुळे फुटण्यासाठी लागणारे अन्न त्याच पानांतून तयार व्हायचे असते.