वैद्यकीय प्रतिमेतील खूणबिंदू : तीन आकड्यांमागची शिस्त

सी.टी. किंवा एम.आर.आय.च्या प्रतिमेवर तज्ज्ञ शरीरातील ठरावीक जागी खुणा करतात. त्यांना आपण खूणबिंदू म्हणू. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारे पुढचा व मागचा असे दोन लहान तंतुबंध हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. तालैराक व तुर्नू यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला मेंदूचा नकाशा याच दोन खुणांवर उभा आहे. कंपवातावरील मेंदूच्या शस्त्रक्रियेत लक्ष्यस्थान ठरविताना आजही त्यांचा आधार घेतला जातो.

संगणकाच्या आज्ञावलीत असा बिंदू तीन आकड्यांनी लिहिला जातो. परंतु केवळ आकडे पुरेसे नसतात. त्यांचा अर्थही सोबत लिहावा लागतो.

पहिला प्रश्न मापाचा. प्रतिमा लहान लहान घरांची बनलेली असते. एका घराची रुंदी अर्धा मिलिमीटर व दोन छेदांमधील अंतर ३ मिलिमीटर असेल, तर आडवी १० घरे म्हणजे ५ मिलिमीटर, पण १० छेद म्हणजे ३० मिलिमीटर. म्हणून बिंदूचे स्थान घरांच्या क्रमांकाने न लिहिता मिलिमीटरमध्ये लिहिणे इष्ट.

दुसरा प्रश्न दिशेचा, आणि तोच अधिक गंभीर. डायकॉम या जागतिक प्रमाणपद्धतीत आकडे रुग्णाच्या डावीकडे, पाठीकडे व डोक्याकडे वाढतात. 'थ्री-डी स्लायसर' ही विनामूल्य संगणकप्रणाली मात्र अंतर्गत गणितात उजवी, पुढची व डोक्याकडची दिशा धन मानते. समजा, डायकॉम पद्धतीने एका बिंदूचे आकडे ३०, उणे २० व ४५ आहेत. म्हणजे तो आरंभबिंदूपासून ३० मिलिमीटर डावीकडे, २० मिलिमीटर पुढे व ४५ मिलिमीटर वर आहे. हेच आकडे दुसऱ्या पद्धतीने वाचल्यास बिंदू उजवीकडे व मागे जातो. चूक सुमारे ७२ मिलिमीटरची होते आणि डाव्याचे उजवे होते. आकडे मात्र निर्दोष दिसतात!

तिसरा प्रश्न अद्याप न केलेल्या खुणेचा. तिच्या जागी तीन शून्ये लिहू नयेत, कारण शून्य हेही एक खरे स्थान आहे. 'खूण केलेली नाही' अशी स्वतंत्र नोंदच हवी.

सारांश, प्रत्येक बिंदूसोबत त्याचे नाव, एकक, दिशापद्धती व स्थिती यांची नोंद असावी. स्लायसरच्या खुणांच्या फाइलमध्ये दिशापद्धती नावानिशी लिहिलेली असते, ती याचसाठी.

रुग्णांच्या नातेवाइकांना आमची एक विनंती आहे. दुसऱ्या रुग्णालयात सल्ल्यासाठी जाताना केवळ फिल्म किंवा मोबाईलवरील छायाचित्र नेऊ नये. तपासणीची मूळ सी.डी. सोबत न्यावी. माप व दिशा यांची माहिती त्या मूळ नोंदीतच असते. छायाचित्रात ती उरत नाही.