विषाद : प्रकार, औषधे आणि औषधांचा कालावधी

जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मंडला, डिंडोरी, सिवनी अशा महाकोशलातील जिल्ह्यांतून रुग्ण येतात. विषादाने ग्रासलेला मनुष्य आपण उदास असल्याचे सांगेलच असे नाही. अंग दुखते, छातीत धडधडते, झोप लागत नाही, अशा तक्रारी तो मांडतो. हिंदीत तो ‘मन नहीं लगता’ म्हणतो, तर शहरातील मराठी घरांत ‘कशातच राम वाटत नाही’ असे म्हटले जाते. परिणामी पहिली काही वर्षे शक्तिवर्धक औषधांतच जातात. मध्य प्रदेशासह 12 राज्यांत 2015-16 मध्ये झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर 20 प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो. त्यांपैकी सुमारे 85 टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित असल्याचेही त्यात आढळले.

किमान दोन आठवडे सतत खिन्नता अथवा कशातही रस न वाटणे आणि त्यासोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडणे, हा तीव्र विषाद होय. दोन वर्षांहून अधिक काळ सौम्य स्वरूपात रेंगाळणारा तो दीर्घकालीन विषाद. कुटुंबीय त्याला स्वभावच समजतात. प्रसूतीनंतरचा विषाद हाही असाच दुर्लक्षित प्रकार आहे. तथापि, सर्वांत महत्त्वाचा भेद द्विध्रुवी विकाराचा आहे. यात विषादाचे व उन्मादाचे झटके आलटून पालटून येतात. अशा रुग्णास केवळ विषादरोधक औषध दिल्यास उन्माद उफाळू शकतो. म्हणून पूर्वी कधी अतिउत्साह, उधळपट्टी, झोपेची गरजच न वाटणे असे घडले होते काय, हे नातेवाइकांना विचारणे अगत्याचे ठरते. येथे लिथियमसारखी औषधे वापरतात व त्यासाठी वेळोवेळी रक्ततपासणी करावी लागते.

विषादरोधक औषधांचा शोध योगायोगानेच लागला. क्षयरोगावरील इप्रोनियाझिडने रुग्ण प्रसन्न होत असल्याचे 1950 च्या दशकात दिसले. स्वित्झर्लंडमधील रोलांड कून यांनी इमिप्रामिनचा गुण 1957 मध्ये प्रसिद्ध केला. त्याच गटातील अमिट्रिप्टिलिन स्वस्त व परिणामकारक आहे. पण तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठता हे त्याचे त्रास आहेत. अतिमात्रा झाल्यास ते हृदयाला घातक ठरते. आत्महत्येचा विचार बोलून दाखविणाऱ्या रुग्णाच्या हाती त्याची महिन्याभराची पाकिटे देऊ नयेत. फ्लुओक्सेटिन, एस्सिटॅलोप्राम ही नंतरची औषधे त्या मानाने सुरक्षित आहेत. सुरुवातीस मळमळ व अस्वस्थता जाणवते. पंचविशीच्या आतील रुग्णांवर पहिल्या काही आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे लागते.

खरी अडचण कालावधीची आहे. गोळीचा गुण दिसू लागण्यास दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यातच सुरू होतो. डिंडोरीहून आलेला रुग्ण आठ दिवसांत गोळ्या सोडून देतो. बरे वाटलेला दुसरा महिन्याभरात थांबवतो. वस्तुतः बरे वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि बंद करताना मात्रा हळूहळू उतरवावी लागते. या गोळ्यांची सवय जडते, हा समज निराधार आहे. त्या एकाएकी थांबविल्यास चक्कर, चिडचिड असा त्रास होतो, एवढेच. झोपेच्या गोळ्यांची गोष्ट निराळी, आणि नेमक्या त्याच दुकानात सहज मागितल्या जातात.

सौम्य विषादात औषधाविना समुपदेशनही पुरेसे ठरू शकते. दूरच्या गावातील रुग्णाला दर महिन्याला जबलपूर गाठणे शक्य नसते. त्यासाठी 1996 मध्ये सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयातच औषध मिळणे अभिप्रेत आहे. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य सल्लाही मिळतो. गोळ्या संपत आल्या आणि जाणे जमत नसेल, तर त्या बंद करण्यापूर्वी तेथे विचारून घेता येते.