वादळातील किनारपट्टी : वरच्या वर्गांसाठी एक पाठ

आपल्या वारंगा फाट्यापासून कोकणचा किनारा सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कयाधू आणि पैनगंगा ही आपल्या मुलांची ओळखीची पाणी. भरती-ओहोटी, खाडी, पुळण हे शब्द ती पुस्तकात वाचतात, पाठही करतात. परंतु त्या शब्दांमागे चित्र उभे राहत नाही. म्हणून 'चक्रीवादळ' हा घटक आला की पुष्कळ शाळांत व्याख्या सांगून तो संपविला जातो. तसे न करता, एका खऱ्या वादळाच्या आधाराने किनाऱ्यावरील माणसांचे जीवन वर्गात कसे उभे करावे, याचा विचार येथे केला आहे. इयत्ता चौथी व पाचवीसाठी दोन तासिका पुरतील.

पाठासाठी ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' हे चक्रीवादळ घ्यावे. वाऱ्याचा वेग त्या वेळी ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत १४० पर्यंत जात होते. नुसता आकडा मुलांना काही सांगत नाही. फाट्यावरून नांदेडकडे भरधाव जाणारी मोटार त्यांनी पाहिलेली असते. तिच्याहूनही अधिक वेगाने हवा तासन् तास घरावर आदळत राहिली, असे सांगावे. वादळाचे नाव ऐकून मुले हसतील. ते नाव बांगलादेशाने सुचविले होते. तो शब्द बंगालीतही आपल्यासारखाच आहे. तेरा देशांनी मिळून अशा नावांची यादी केलेली असते आणि २०२० साली निघालेल्या नव्या यादीतले हे पहिलेच नाव.

आरंभ वावटळीपासून करावा, कारण ती मुलांनी पाहिली आहे. चैत्र-वैशाखात रिकाम्या वावरातून धूळ आणि पाचोळा गोल फिरवीत जाणारी वावटळ काही क्षणांत विरते. चक्रीवादळही फिरते, परंतु त्याचा घेर शेकडो किलोमीटरांचा असतो, आयुष्य दिवसांचे असते आणि त्याला बळ मिळते ते समुद्राच्या कोमट पाण्यापासून. पाण्याचे तापमान सुमारे साडेसव्वीस अंशांच्या वर गेले की त्याची वाफ मोठ्या प्रमाणात वर चढते, वर जाऊन तिचे ढग होतात आणि त्या वेळी बाहेर पडणाऱ्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते. खालची पोकळी भरण्यास चहूकडून वारा धावतो. पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो सरळ न येता वळतो. आपल्या गोलार्धात हे वळण घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने असते. वादळ जमिनीवर आले की वाफेचा पुरवठा तुटतो व ते दुबळे होते.

प्रयोगासाठी एक परात, पाणी आणि चिमूटभर हळद पुरे. हळद आपल्याकडे मागावी लागत नाही. पाणी हाताने काट्यांच्या उलट दिशेने फिरवून वर हळद भुरभुरावी. कडेची हळद वेगाने धावते आणि अगदी मधली जवळजवळ जागच्या जागी राहते. वादळाच्या मध्यभागीही असाच शांत भाग असतो. त्याला डोळा म्हणतात. तो गावावरून जात असता वारा पडतो, आभाळही काहीसे उघडते. वादळ सरले असे समजून लोक बाहेर येतात आणि थोड्याच वेळात वारा नेमक्या उलट बाजूने सुटतो. पूर्वेच्या वाऱ्याने हलून सैल झालेले झाड पश्चिमेच्या वाऱ्याने पडते. परातीत एक काडी कडेपासून मध्यातून पलीकडे नेऊन दाखविली, तर ही उलटापालट मुलांना स्वतःच सांगता येते. सांगण्याची घाई गुरुजींनी करू नये.

आता माणसांकडे यावे. येथेच पाठाचा खरा भाग आहे आणि येथेच अधिक वेळ द्यावा.

जूनचा आरंभ म्हणजे कोकणात आगोटीची बेगमी पुरी झालेली असते. आपण पेरणीपूर्वी बी-बियाणे जमवितो, तसे तेथले लोक चार महिन्यांच्या पावसासाठी घर भरून ठेवतात. तांदूळ, सरपण, आमसुले, पापड, फणसपोळी. कोळ्यांच्या घरी सुकविलेले बोंबील आणि जवळा. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जूनपासून दोन महिने बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नौका ओढून पुळणीवर किंवा खाडीच्या आत आणलेल्या, जाळी दुरुस्तीसाठी काढलेली. म्हणजे वर्षाची सारी पुंजी त्या दिवशी किनाऱ्यापासून काही पावलांवर होती.

सूचना मात्र मिळाली होती. १ जूनला समुद्रात कमी दाबाचा पट्टा तीव्र होऊ लागल्याचे हवामान खात्याने सांगितले होते. बंदरांवर धोक्याचे बावटे चढतात. त्यांचे एक ते अकरा क्रमांक असतात. दिवसा शंकू व नळकांड्यासारख्या आकृती, रात्री तांबडे व पांढरे दिवे. अकराव्या क्रमांकाचा अर्थ हवामान केंद्राशी संपर्कच तुटला आहे, असा होतो. हा तपशील मुलांना फार आवडतो. किनाऱ्यालगतच्या कच्च्या घरांतील लोकांना शाळांत व पक्क्या इमारतींत नेण्यात आले. त्या वेळी करोनाची टाळेबंदी होती. एकमेकांपासून दूर राहावे, असे एक संकट सांगत होते आणि एका छपराखाली गोळा व्हावे, असे दुसरे. बाहेर पडताना कोणी काय घेतले असेल, हा प्रश्न वर्गास विचारावा. शिधापत्रिका, सातबारा, औषधे, कोंबड्या. मुलांची उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि त्यांतली कोणतीही हसण्यावारी नेऊ नये.

३ जूनच्या दुपारी कौले उडाली, पत्रे कागदासारखे गेले. छप्पर वाऱ्याच्या धक्क्याने जाते असे आपण म्हणतो, पण ते बहुधा वर उचलले जाते. छपरावरून वेगाने जाणाऱ्या वाऱ्यामुळे वरचा दाब कमी होतो आणि उघड्या दारा-खिडकीतून घुसलेली हवा खालून ढकलते. पत्र्यावर धोंडे ठेवण्याची आपल्याकडील रीत म्हणूनच अपुरी पडते. पत्रा वाश्याला पक्का बांधावा लागतो. छप्पर गेले की वरून पाऊस, आणि आत आगोटीची सारी बेगमी. तांदूळ भिजला, सुकी मासळी भिजली. पुढचे चार महिने पावसाचेच होते, हे वाक्य सांगून क्षणभर थांबावे.

दुसरी हानी वाड्यांची. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. आपले सोयाबीन बुडाले तर पुढल्या हंगामी पुन्हा पेरता येते. पोफळ लावल्यापासून नीट फळास येण्यास सहा-सात वर्षे लागतात. आज दुसरीत असलेले मूल तोवर आठवी-नववीत जाईल. शासनाने बागायतीची भरपाई हेक्टरी १८,००० रुपयांवरून ५०,००० केली. पाचवीच्या वर्गास यावर गणिते घालता येतील. पण ज्याची वाडी दहा-वीस गुंठ्यांचीच आहे त्याच्या हाती किती पडते, हे गणित अवश्य घालावे.

विजेचे खांब आणि दूरध्वनीचे मनोरे पडल्यामुळे अनेक गावे दीर्घकाळ अंधारात राहिली. विजेवाचून पंप नाही, पंपावाचून पाणी नाही. पुष्कळांना पुन्हा विहिरीवर दोर-कळशी न्यावी लागली. मुंबईला गेलेल्या मुलांना घरची खुशाली कळेना. कित्येक शाळांची छपरेही गेली.

एक सावधगिरी. वर्गात पत्र्याच्या घरातली मुले असतातच. वर्णन रंगविताना त्यांच्या चेहऱ्याकडे लक्ष असावे. भीती घालून पाठ परिणामकारक होत नाही.

दुसऱ्या तासिकेत कोणीतरी विचारील, की हे आपल्याकडे कशाला येईल? त्याचे उत्तर नकाशावर द्यावे. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' नावाचे चक्रीवादळ आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. वारा मंदावला, परंतु उरलेले ढग तेलंगणातून मराठवाड्यावर आले. २७ व २८ सप्टेंबरला येथे अतिवृष्टी झाली, मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि काढणीस आलेले सोयाबीन पाण्यात उभे राहिले. तेच ढग पुढे अरबी समुद्रावर गेले, तेथे पुन्हा बळावले आणि 'शाहीन' हे नवे नाव घेऊन ओमानला पोचले. मोठ्या मुलांनी घरी त्या दिवसांविषयी विचारून यावे : पाणी कोणत्या ओढ्याला आले, किती दिवस वावरात राहिले, काय हाती लागले. मग आशियाच्या नकाशावर कलिंगपट्टणमला एक टाचणी टोचून तिला दोरा बांधावा, तो मराठवाड्यावरून, शक्य तितका आपल्या गावाजवळून न्यावा आणि दुसरे टोक ओमानच्या किनाऱ्यावर अडकवावे.