प्रसाद आणि पृथ्वीचा भार



अष्टावरणात प्रसादाला मोठे स्थान आहे. इष्टलिंगाला अर्पण केल्यावाचून शरण अन्न घेत नाही, आणि अर्पण करायचे ते हिंसेतून आलेले नसावे, म्हणून आपल्या घरी मांस शिजत नाही. पण विचार येथेच संपतो काय? ताटातील अन्नाने जमीन, पाणी व हवा यांवर किती भार घातला, हेही आज पाहिले पाहिजे.

प्रथम मांस घेऊ. जनावराला घातलेल्या चाऱ्या-धान्याचा बहुतेक भाग त्याच्या जगण्यातच खर्च होतो. मांसरूपाने थोडाच परत मिळतो. पूर आणि नेमेचेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतील शेतांची माहिती तपासली. मांस, अंडी, दूध व पाळलेले मासे यांसाठी जगातील सुमारे ८३ टक्के शेतजमीन, कुरणे धरून, गुंतलेली आढळली. उष्मांक मात्र १८ टक्केच मिळतात. शिवाय रवंथ करणारी जनावरे ढेकरेवाटे मिथेन वायू सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक उष्णता धरून ठेवतो. म्हणून गुरामेंढरांच्या मांसाचा भार सर्वांत मोठा, कोंबडीचा बराच कमी आणि डाळींचा अगदी थोडा. मांस खाणाऱ्याने आठवड्यातले दोन-तीन दिवस जरी डाळ-उसळीवर काढले, तरी तेवढा भार उतरतो.

हे वाचून 'आपण तर सुटलो' असे मनात येईल. परंतु वरच्या हिशेबात दूधही आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात १९ कोटींवर गाई-बैल आणि सुमारे ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या. म्हैस शाकाहाऱ्याची आहे म्हणून मिथेन कमी सोडत नाही! एक किलो तुपामागे पंधरा-वीस लिटर दूध आटते. लहान शेतकऱ्याचा प्रपंच दुधावर चालतो, मुलाबाळांना व आजाऱ्यांना ते हवेच. प्रश्न गरजेचा नाही. पाहुणचाराच्या नावाने तुपाच्या धारा धरण्याचा आहे.

दुसरी गोष्ट उष्ट्याची. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. ताट धुऊन ते पाणीही पिण्याचा जुन्या निष्ठावंतांचा शिरस्ता आठवा. आज लग्नाच्या पंगतीत आपल्याच पत्रावळीवर काय उरते, ते ज्याने त्याने पाहावे. अर्पिलेले अन्न टाकणे म्हणजे प्रसाद टाकणे होय.

तिसरी गोष्ट अभिमानाची. मांस खाणाऱ्या शेजाऱ्याला हिणवू नका. मादार चेन्नय्या, अंबिगर चौडय्या, हरळय्या यांना शरणांनी आपले म्हटले. आधी आहार विचारून मग जवळ केले नाही. जो मासळी-भात खाऊन कण टाकत नाही, त्याचा भार आपल्या मेजवानीहून हलकाही असू शकेल. त्याला सांगायचे तर आधी आपले ताट दाखवावे.

या महिन्याचा अभ्यास: (१) आठवड्यातून काही दिवस भाताऐवजी ज्वारीची भाकरी घ्या, पाणी साठलेल्या भातखाचरातूनही मिथेन निघतो, ज्वारी कोरडवाहू रानात येते. (२) घरात व दासोहात भूक विचारून वाढा. (३) रोज रात्री स्वतःला विचारा : आज मी जे अर्पण केले, त्याचा भार कोणी वाहिला?

शरणु शरणार्थी.