पहाटेची सिद्धता आदल्या संध्याकाळी



आपल्या संप्रदायात पहाटेला फार मान आहे. कार्तिकात गावोगाव काकडा चालतो. त्या वेळी अंथरुणात लोळणारा वारकरी कसला, असे आम्ही कीर्तनकार मंडळी नेहमी म्हणतो. मीही म्हणत आलो. गेल्या कार्तिकात कफ परेडच्या मच्छीमार नगरात सेवा होती. समोर दोन-चार माणसे पेंगत होती. मी त्यांच्याकडे बोट करून निद्रेची चांगली खरडपट्टी काढली, लोक हसले.

कीर्तन आटोपल्यावर एक कोळीण माउली पाया पडायला आली. म्हणाली, "बुवा, तो पेंगत होता ना, तो माझा घरधनी. तांडेल आहे. परवा रात्री सुकाणूवरच त्याचा डोळा लागला. होडीत चार पोरं होती. देवानं राखलं. त्याला झोप नको म्हणून सांगू, का झोप म्हणून सांगू?"

मजजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन पोथ्या काढल्या, एका जाणत्या डॉक्टरांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. चरकाचार्यांनी आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे देहाचे तीन आधारस्तंभ सांगितले. म्हणजे निद्रा हा खांब झाला, शत्रू नव्हे. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी अति झोपणाऱ्याला योग नाही म्हटले, तसेच अति जागणाऱ्यालाही नाही म्हटले. आम्ही पहिला अर्धा सांगतो आणि दुसरा गिळतो!

आता ब्राह्ममुहूर्त. पुष्कळांची समजूत अशी की, ब्राह्ममुहूर्त म्हणजे बाराही महिने पहाटेचे चार. तसे नाही. मुहूर्त म्हणजे ठोकळ मानाने ४८ मिनिटे. सूर्योदयापूर्वी दोन मुहूर्तांवर ब्राह्ममुहूर्त लागतो आणि एक मुहूर्त टिकतो. मुंबईत जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा तो ४.२४ ला लागेल. जानेवारीच्या मध्यास सूर्योदय सव्वासातच्या आसपास, तेव्हा ५.३९ ला. शिवाय वाग्भटाचार्यांनी ही आज्ञा 'स्वस्थ' मनुष्याला केली आहे. सवयीबाहेरचे जागरण घडले, तर त्याच्या निम्मा वेळ सकाळी जेवणापूर्वी निजावे, हेही त्यांनीच सांगितले.

दर्यावर जाणाऱ्याची गोष्ट आणखी निराळी. जुने कोळी तिथीची पाऊणपट करून भरती काढतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाला, एकादशीला सव्वाआठला. रोज भरती सुमारे ५० मिनिटे, म्हणजे जवळजवळ एक मुहूर्त, पुढे सरकते. ज्याचे निघणे-परतणे त्या पाण्यावर, त्याची झोपही रोज सरकते. घरची बाई तर १८७५ पासून चालत आलेल्या ससून गोदीवर अंधारातच म्हावरे घ्यायला उभी. त्यांना आळशी म्हणणारा मी कोण?

डॉक्टर म्हणाले, शरीराच्या पेशीपेशीत एक घड्याळ चालते. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळाले. हे घड्याळ मुख्यतः उजेडाने जुळते. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की ते ठिकाणावर येते. रात्री दिव्याचा आणि मोबाईलचा उजेड पडला की मागे रेंगाळते. म्हणून पहाटेची जाग ही पहाटे मिळत नाही, ती आदल्या दिवसभरात कमवावी लागते.

याकरिता नेम सांगतो. ज्यांची कामे ठराविक वेळेची, त्यांनी उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, सुटीलाही. उठताच उजेडात यावे. लवकर उठायचे तर आधी निजणे पाव-पाव तासाने अलीकडे ओढावे. प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी. त्यात चोरी करून केलेला काकडा जांभयांचाच होतो. दुपारनंतरचा चहा सोडावा, कारण त्यातले कॅफीन पाच तासांनीही सुमारे निम्मे अंगात उरते. रात्रीचे जेवण हलके व लवकर घ्यावे. मोबाईल उशाशी नको. हरिपाठ म्हणावा आणि दिवा मालवावा.

दर्यावरच्या मंडळींनी पंचांगाचाच उपयोग करावा. पंधरवड्याची निघण्याची वेळ तिथीवरून आधी कळते. तिच्यासमोर निजण्याची वेळही लिहून ठेवावी. झोप दोन तुकड्यांत घेतली तरी चालेल, पण निदान चार तासांचा एक तुकडा होईल तितका रोज त्याच वेळी असावा. दिवसा निजताना खिडकीला जाड कापड लावावे. त्या वेळी घरच्यांनी भांडी आदळू नयेत, हीसुद्धा सेवाच. निघण्यापूर्वी वीस मिनिटे डोळा लावावा. पहाटे ३ ते ५ ग्लानी सर्वांत जड असते, तेव्हा सुकाणूवर एकट्याने बसू नये. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा कोणी असेल, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे; दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, आणि पोरे रात्री दोनपर्यंत मोबाईलवर. घडी बसवायला हाच काळ उत्तम, आणि आषाढी वारीही याच दिवसांत येते. वारीत कोणाला उठवावे लागते का? दिवसभर उन्हापावसात चालणे, वेळेवर जेवण, रात्री अंधारात पाठ टेकणे. पहाटे जाग आपोआप येते. तेथे मनाचा निग्रह थोडा आणि दिनक्रमाचा गुण मोठा. तोच दिनक्रम थोडाबहुत घरी आणता आला, तर वारी घरी आणल्यासारखेच झाले.

असो. यंदा मच्छीमार नगरात पुन्हा गेलो, तेव्हा कीर्तन नवाला सुरू न करता सातला केले आणि नवाला आरती. ज्यांना रात्री दर्यावर जायचे होते त्यांना म्हटले, "आरतीला थांबू नका, जाऊन निजा. पांडुरंग रागावणार नाही." तो तांडेल हसला, हात जोडले आणि निघाला. ती माउली तेवढी आरतीला थांबली. एकादशीचा जागर आहेच, तो आनंदाने करू. पण जागणारा उद्या ज्यांना घेऊन दर्यावर जाणार आहे, त्यांचीही आठवण ठेवून करू.

राम कृष्ण हरि.