पट्टा कीं सांखळी?

मोटारीच्या इंजिनांत दट्ट्यांच्या जोरानें फिरणारा दांडा तो क्रँकशाफ्ट व झडपा उघडणारा तो कॅमशाफ्ट. पहिल्याचे दोन फेरे झाले कीं दुसऱ्याचा नेमका एक झाला पाहिजे. हें प्रमाण कोठें पोलादी सांखळी राखते, कोठें दांतेरी रबरी पट्टा. सांखळी जुनी, पट्टा रूढ होऊं लागला तो १९६२ सालच्या ‘ग्लास १००४’ या जर्मन गाडीपासून. तो हलका, स्वस्त व जवळजवळ निःशब्द. आपल्याकडील मारुती ८०० त्यावरच चाले.

कांहीं वर्षांपूर्वीं खंबाटकीच्या चढावर माझी गाडी एकाएकीं बंद पडली. खडखड नाहीं, धूर नाहीं. पेट्रोल पोंचत नसावें अशा समजुतीनें मीं तीन वेळां किल्ली फिरविली. तोंच एक वृद्ध ट्रकचालक जवळ येऊन म्हणाले, “साहेब, आतां पुरे. आवाज ऐकलात ना?” मग माझ्या ध्यानांत आलें. पेट्रोल वा ठिणगी नसली तरी इंजिन नेहमींच्या ठेक्यांत जड फिरतें, कारण कोंडलेली हवा दाबण्यास जोर लागतो. येथें तें शिवणयंत्रासारखें हलकें गरगरत होतें. पट्ट्यावरील झांकण काढलें तों त्याचे दांत सोललेले! कॅमशाफ्ट जागींच थांबलेला, कांहीं झडपा उघड्याच, आणि दट्टे त्यांवर आपटलेले. सर्वच इंजिनांत अशी टक्कर होत नाहीं, माझ्या झाली. वांकलेल्या झडपा बदलण्यास सिलिंडर-हेड उतरवावें लागलें. पट्ट्याची मुदत पुस्तिकेंत छापलेली होती. पुष्कळ गाड्यांत ती ६०,००० ते १,००,००० किलोमीटर असते. शिवाय रबर बसल्या जागींहि जुनें होतें, म्हणून वर्षांची मर्यादाहि असते. मीं केवळ किलोमीटर मोजले होते.

सांखळी बहुधा आधीं बोलते. तिच्या पिना झिजल्या कीं ती लांबते, कॅमशाफ्ट किंचित् मागें पडतो, गाडीचा जोर घटतो. आणि सकाळीं थंड इंजिन चालू करतांच पुढल्या अंगास क्षणभर खडखड ऐकूं येते. ‘सांखळीकडे जन्मभर पाहावयास नको’ हें विक्रेत्यांचें बोलणें मला पटत नाहीं. तिला ताण देणारा भाग पुष्कळ इंजिनांत तेलाच्या दाबावर चालतो; तेल उणें वा मळकट झालें कीं ती सैल पडते. तेव्हां अशी खडखड ऐकल्यास प्रथम तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल ठीक असल्यास जुने मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचें टोंक सांखळीच्या झांकणावर व मूठ कानाशीं टेकवितात. फिरत्या पंख्यापासून मात्र बाह्या सांभाळून.